सेफोच्या पोटात काय गेलं

१

सेफो गेला, तेव्हा त्याच्या पोटात आईच्या दुधाशिवाय कधी काही गेलेलं नव्हतं. हे सगळं गाव शपथेवर सांगत होतं, आणि आमच्या मोतुहेगा बेटाचं गाव शपथेवर खोटं बोलत नाही. खोटं बोलायला मी आहे. मोठ्या वादळात आमचं बेट दोन हात पूर्वेला सरकलं आणि माझं घर शेजाऱ्याच्या अंगणात जाऊन बसलं, हे मी आजही सांगतो आणि लोक आजही हसतात. पुढचं सांगताना मात्र कुणी हसलेलं मला आठवत नाही.

सेफो म्हणजे फालानिकोचा नातू, त्याच्या लेकीचं, लोसाचं पहिलं मूल. फालानिको आमच्या गावचा वाटप्या. समुद्रातून जे येईल ते किनाऱ्यावर ओतायचं, वाटप्याने सारखे वाटे करायचे आणि नावं पुकारायची. तान्ह्या पोराचाही वाटा आणि म्हाताऱ्याचाही वाटा, तेवढाच.

आधी ताप आला. मग हिरवट जुलाब, त्यात रक्ताचे धागे. मग सेफोने अंगावर प्यायचं सोडलं. टाळू फुगून वर आली, डोळे एका अंगाला फिरले, झटके यायला लागले. अपियाच्या मोठ्या दवाखान्यातून बोलावलेली बोट दिसायच्या आत पोर गेलं. पुरून आल्यावर लोसा रडली नाही. नारळ खवायला बसली. एवढे नारळ कशाला, असं तिला कुणी विचारलं नाही.

बोट धक्क्याला लागली त्याच दिवशी माझी नात सुलिया दवाखान्यात आली. काखेत तिची फेतू, सेफोहून आठवड्याने धाकटी.

"अंग तापलंय हिचं, आजोबा," सुलिया मला म्हणाली. "आणि ही रडत नाहीये."

आमची डॉक्टरीण आतीना. ती आमच्याच बेटाची. फिजीला शिकून आली, तिकडे तिला डॉक्टर म्हणतात. इकडच्या म्हाताऱ्या अजून 'मासे साफ न करणारी आतीना' म्हणतात. तिने फेतूची टाळू चाचपली, पायातून रक्त काढलं आणि कुणाला न विचारता पहिलं इंजेक्शन दिलं.

"बोटीवर घाला तिला," मी म्हणालो.

"दीड दिवस या लाटांत, आजोबा? वाटेतच जाईल. औषध इथे आहे तर इथेच देते."

सेफोचं रक्त आतीनाने तो असतानाच काढून ठेवलं होतं; त्याच्यासाठी आलेली बोट दोन पोरांचं रक्त बाटल्यांत घेऊन परत गेली.

काही दिवसांनी अपियाचा फोन आला. आतीना फोन ठेवून बाहेर आली आणि माझ्या शेजारी पायरीवर बसली.

"दोघांच्या रक्तात एकच जंतू निघाला. साल्मोनेला. जातही एकच."

"मग?"

"मोठ्या माणसाला झाला तर तो दोन दिवस परसाकडे पळतो आणि बरा होतो. औषधसुद्धा लागत नाही, मीठ-साखरेचं पाणी पुरतं. पण पोर दोन-तीन महिन्यांच्या आतलं असलं की हा आतड्यात थांबत नाही. रक्तात उतरतो. तिथून मेंदूच्या आवरणात, हाडात, वाटेल तिथे."

"आपल्या फेतूच्या?"

"रक्तात आहे. पाठीच्या मणक्यातलं पाणी काढलं ते स्वच्छ निघालं, म्हणजे डोक्यात गेलेला नाही. सेफोच्या डोक्यात गेला होता."

"हा येतो कुठून?"

"कोंबडी, अंडी, पाली, घाण पाणी, कच्चं मांस. पण आत जातो तो तोंडावाटे."

"अगं, पण तिच्या तोंडात तर आईशिवाय..."

"सगळे तेच सांगतायत," आतीना म्हणाली. "म्हणजे दोन पोरांच्या तोंडात कुणीतरी काहीतरी घातलंय आणि घालणाऱ्याला ते माहीत नाही. तिमोची सून आताच बाळंत झालीय, आजोबा. ते सापडलं नाही तर पुढचा नंबर तिच्या पोराचा."

२

आतीनाला मी सोबत केली. दवाखान्यात बसून सुलियाच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

पहिली गाठली म्हातारी पेपे. बेटावर जन्मणाऱ्या प्रत्येक पोराला खोबरेल चोळायचा मान तिचा. तेल ती स्वतः काढते, उन्हात, आणि बाटल्या खाटेखाली ठेवते. तिथे पाली राहतात हे सगळ्यांना ठाऊक आहे.

"माझ्या तेलावर तू वाढलीस," पेपे म्हणाली. "तुझं नाक चपटं होतं. मी ओढून ओढून सरळ केलं."

"अजून चपटंच आहे, आजी."

"मग विचार कर, आधी काय असेल."

"तेल पोरांच्या तोंडात जातं का?"

"टाळूला, छातीला, बेंबीला. तोंडात? मी काय मासा तळतेय?"

"बोटाला लागलेलं, जिभेवरून फिरवलेलं?"

"घसा धरला असला तर फिरवते. सेफोचा नव्हता धरला. फेतूचाही नव्हता. पाद्र्याच्या पोरीचा धरला होता, तिच्या जिभेवर चांगलं दोनदा फिरवलं. बघून ये तिला. ढोलकीसारखी झालीय."

दुसरा तिमो. बेटावरच्या सगळ्या कोंबड्या त्याच्या आणि दुकानही त्याचंच. आम्हा दोघांना येताना बघून त्याने दुकानाची फळी अर्धी लावून घेतली.

"आलात? मला वाटलंच होतं. गावात काही झालं की तिमोच्या कोंबड्या."

"तुझ्या कोंबड्या पाण्याच्या टाकीवर चढतात, तिमो," मी म्हणालो.

"कोंबडी आहे, आजोबा. ती चढणारच. तुम्ही नाही चढत म्हणून तिनेही नाही चढायचं?"

"दुधाची पावडर कोण नेतं?" आतीनाने विचारलं.

"लोसा नाही. सुलिया नाही. पाद्रीणबाई नेतात. त्यांना अंगावरचं पुरत नाही म्हणे." मग त्याने आवाज खाली आणला. "डॉक्टरीणबाई, माझ्या नातवाला काही होणार नाही ना? मी कोंबड्या कापून टाकतो. आज सांगा, आज कापतो."

"थांब. आज नको."

तिसरी पाद्रीणबाई. पाद्री एनोका सामोआचे, तीन वर्षांमागे आमच्या देवळात आले. त्यांची पोरगी या दोघांच्याच वयाची. पाद्रीणबाईंनी पोरीला आतीनाच्या मांडीवर दिलं आणि आपलं गाऱ्हाणं सुरू केलं. रविवारच्या शाळेतल्या पोरांसाठी त्यांनी लिंबाच्या बर्फाच्या कांड्या करून गावच्या मंडळाच्या फ्रीजरमध्ये ठेवल्या होत्या. काढल्या तर सगळ्या वाकड्या. काड्या एकीकडे आणि बर्फ दुसरीकडे.

"पोरं हसली माझ्या कांड्यांना," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे अपियाला असं होत नाही."

"तुमच्या पोरीला पाणी कुठलं?" आतीनाने विचारलं.

"टाकीचं. उकळते मी. बहुतेक वेळा." त्यांनी खाली बघितलं. "घाई असली तर नाही उकळत."

पोरगी आतीनाचं नाक ओढत होती. ताप नाही, जुलाब नाही. परत येताना मीच बडबडत होतो, कारण गप्प बसलो की मला सेफोचे डोळे दिसत.

"आजोबा," ती शेवटी म्हणाली, "जिच्या तोंडात तेल गेलं, पावडर गेली, कोंबड्यांच्या टाकीचं कच्चं पाणी गेलं, ती पोर धडधाकट. आणि ज्यांच्या तोंडात काहीच गेलं नाही, त्यातलं एक गेलं आणि दुसरं माझ्या खाटेवर आहे. हे उलटं कसं?"

३

फेतूचा ताप उतरला. सकाळी ती रडली. तिचं रडणं ऐकून बाहेरची डुकरंसुद्धा थांबली, असं मी नंतर सांगत असे. खरं म्हणजे थांबलो मी होतो.

पेपे लगेच चटई गुंडाळायला लागली. "चल सुलिया. बरी झाली पोर. आता घरी तेल लावू."

"कुठे?" आतीना दारात उभी.

"ताप नाहीये आता."

"ताप नाहीये कारण औषध आहे. आत्ता थांबवलं तर मेले ते सोपे जंतू, आणि उरले ते हाडाच्या पोकळीत जाऊन बसतील. मग आठवड्याने मांडी सुजेल, नाहीतर टाळू. मोठ्यांना मी हे औषध देतही नाही, आणि एवढ्याशा पोराला दिल्यावर अर्ध्यावर सोडत नाही. अपियाचे डॉक्टरही तेच म्हणाले."

"किती भोसकणार तिला?"

"संपेपर्यंत."

सुलियाने चटई पेपेच्या हातातून घेतली आणि परत अंथरली. तिचा नवरा दूर मासेमारीच्या जहाजावर. त्याला पोर आजारी असल्याचं कळवलं होतं, सेफोचं नव्हतं कळवलं.

दुपारी फालानिको आला. त्याच्या हातात नारळाच्या झापात गुंडाळलेला मासा होता. स्वतःच्या नातवाला पुरून माणूस वाटे पोचवत फिरत होता. मी म्हणालो, "अरे, एखाद दिवस दुसऱ्या कुणाला करू दे."

"दुसरा कोण करणार? हात चालू राहिले की बरं असतं."

तो उभ्यानेच बोलत होता. आतीनाने त्याचा चेहरा बघितला. "काका, ओठ सुकलेत तुमचे."

"पोट बिघडलंय. मधून मधून बिघडतं हल्ली. दुःखाने बिघडतं माणसाचं."

"बिघडतं," आतीना म्हणाली आणि तिने त्याला मीठ-साखरेचं पाणी करून दिलं. तो ते उभ्याउभ्या प्यायला, मासा सुलियाजवळ ठेवला आणि गेला.

ऊन कलताना फेतूचा ताप परत चढला. तिने एकदा आईकडे तोंड केलं आणि परत फिरवलं. आतीनाने मांड्या दाबून बघितल्या, कंबर बघितली, मान वाकवून बघितली. अपियाला फोन लावला. तिकडून जे सांगितलं ते ती फक्त "हो" म्हणत ऐकत राहिली. मग तिने पायातली सुई काढून दुसऱ्या पायात घातली. सुलियाने पोरीचा पाय धरला होता. तिचे हात हलत नव्हते, पोरगीही हलत नव्हती.

"जाईल का ही?" सुलियाने विचारलं, जसं बोट कधी जाईल विचारावं तसं.

"माहीत नाही," आतीना म्हणाली.

४

दुसऱ्या दिवशी ताप होता तेवढाच होता. आतीना खाटेपाशी बसली आणि तिने सुलियाकडून फेतूचा दिवस पुन्हा ऐकला. कधी उठते, कुणाकडे जाते, कुणाचं बोट चोखते. सुलियाने सांगितलं. सगळं आधी सांगितलेलंच.

मासा तसाच कोपऱ्यात होता, वास यायला लागला होता.

"हा टाका बाहेर," आतीना म्हणाली. "कुणाचा आहे?"

"फेतूचा," सुलिया म्हणाली.

"फेतूचा म्हणजे?"

"तिचा वाटा. माझा वेगळा आला, तो पेपेने नेला."

आतीना मासा उचलायला वाकली होती, ती तशीच राहिली. "पाद्र्याच्या पोरीचा वाटा असतो का, आजोबा?"

"पाद्र्याच्या घराला असतो. पोरीच्या नावाने नाही. तिचे आईबाप बेटाचे नाहीत ना. वाटा घेतलेला नाही तिने."

"घेतलेला नाही म्हणजे, पहिला वाटा."

"हो. तू घेतलास, मी घेतला. वाटप्या पोराच्या मुठीत कासवाचा तुकडा ठेवतो. पोराने मूठ तोंडाकडे नेली की वाटा मान्य झाला. मग नाव पुकारायचं." मी हसून सांगत होतो. "तू फार वेळ नेलीच नव्हतीस. म्हाताऱ्यांच्या पायांना मुंग्या आल्या. मी तेव्हाच म्हणालो होतो, ही शिकायला जाणार."

ती हसली नाही. "सेफोने नेली?"

"लगेच."

"फेतूने?"

"चोखली की चांगली," सुलिया म्हणाली. "सगळे खूश झाले." मग ती थांबली. "पण ते काही खाणं नव्हे. नुसतं धरायचं असतं. मासासुद्धा नाही, कासव. आणि तोंडात गेली ती मूठ."

"मी विचारलं पोरांनी काय खाल्लं," आतीना म्हणाली, "आणि तुम्ही सगळ्यांनी खरं सांगितलं." तिने चेहऱ्यावरून हात फिरवला. "मी स्वतः असली मूठ चोखलीय आणि मलाही सुचलं नाही. पण आजोबा, आपण सगळ्यांनी चोखलीय आणि आपण जगलो. आणि कासव मारायला तर मंडळाने बंदी केलीय ना?"

"वर्षाला एकच मारायचं ठरलंय. कासवं उरली कुठे. तू फिजीला होतीस तेव्हा ठरलं."

"वर्षाला एक. मग पोर जन्मेल तेव्हा ताजं कासव कुठून येतं?"

"येत नाही. यंदाच्या कासवाचा पहिल्या वाट्यापुरता तुकडा राखून ठेवलाय. फालानिकोनेच काढली ती युक्ती. एक तुकडा, सगळ्या पोरांना तोच. नुसता धरायचा, तर झिजतो कुठे?"

"कुठे ठेवलाय?"

मी उत्तर द्यायच्या आत सभाघराकडून लाकडी ढोल वाजला. एक ठोका, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा. पोराला वाटा द्यायचा असला की असाच वाजवतात.

"तिमोचा नातू," सुलिया म्हणाली.

आतीनाने सुई बघितली, बाटली बघितली. "हिच्याजवळून हलू नकोस," ती सुलियाला म्हणाली. मग ती निघाली, आणि एवढ्या वर्षांत आमच्या बेटावर कुणी बाई सभाघराकडे इतक्या वेगाने चालत गेलेली मी बघितली नव्हती.

५

वाटा पुकारला जात असताना कुणी बोलत नाही. म्हातारे भिंतीशी मांडी घालून बसले होते. मध्ये तिमोची सून, तिच्या मांडीवर पोर. फालानिको गुडघ्यावर बसून झापाची पुडी सोडत होता.

आतीना आत गेली आणि तिने आपला पंजा पोराच्या मुठीवर ठेवला.

"काय करतेस?" तिमोने विचारलं. "माझ्या नातवाचा वाटा अडवतेस? मी कोंबड्या कापतो म्हणालो होतो ना तुला."

"कोंबड्यांचा काही संबंध नाही, तिमो. आणि मी अडवत नाही, विचारतेय. फालानिको काका, हा तुकडा कुठून आणलात?"

"मंडळाच्या फ्रीजरमधून."

"सेफोला हाच दिला होता?"

"हाच."

"फेतूला?"

"हाच. हा सगळ्यांचा आहे."

"देऊन झाल्यावर?"

"परत फ्रीजरमध्ये. वाया घालवत नाही मी काही."

आतीना मागे वळली. बायका दाराबाहेर बसल्या होत्या. "पाद्रीणबाई, तुमच्या कांड्या वाकड्या कशा झाल्या?"

पाद्रीणबाई गोंधळल्या. "वितळल्या असतील. मग परत गोठल्या."

"फ्रीजर बंद पडतो?"

"ढग असले की सोलर पुरत नाही," भिंतीशी बसलेला एक म्हातारा म्हणाला. "मग आम्ही फ्रीजर बंद ठेवतो आणि रेडिओ चालू. रेडिओ लागतो ना, वादळाचं कळायला."

"गोठलं की जंतू झोपतो, मरत नाही," आतीना म्हणाली. "वितळलं की वाढतो. पुन्हा गोठवलं की तेवढेच्या तेवढे झोपतात. कासवाच्या आतड्यात हा जंतू निसर्गतःच असतो. कासव कापताना मांसाला लागतो. तुम्ही कासव खाल्लंत ते शिजवून खाल्लंत, म्हणून तुम्हाला काही झालं नाही. कच्चं तोंडात गेलं ते फक्त पोरांच्या. तेल, टाकीचं पाणी या बेटावर सगळ्यांनाच लागतं. पण हा तुकडा फक्त बेटाच्या माणसांच्या पोराला. पाद्र्यांची पोर सगळं पिऊन बरी आहे, कारण तिला वाटा नाही."

"मीही माझा पहिला वाटा चोखला," तोच म्हातारा म्हणाला. "नव्वदीला आलो."

"तेव्हा कासव त्याच घटकेला कापलेलं असायचं, जंतू थोडे. आणि तेव्हाही काही पोरं गेलीच, काका. तुमच्या दोन भावंडांची थडगी आहेत तिकडे. तेव्हा कुणी रक्त तपासत नव्हतं."

आतीना फालानिकोकडे वळली.

"फालानिको काका, तुमचं पोट नेमकं केव्हा केव्हा बिघडलं?"

"सांगितलं ना. दुःखाने."

"सेफो जायच्या आधी बिघडलं होतं का? त्याला वाटा दिलात त्यानंतर? फेतूला दिलात त्यानंतर?"

फालानिकोने आपल्या हाताकडे बघितलं. तुकडा हातातच होता. वितळून त्याचं गुलाबी पाणी मनगटावरून खाली चाललं होतं.

"मीच ठेवला त्याच्या मुठीत," तो म्हणाला. "त्याने लगेच तोंडात घातली. मी म्हणालो, हा मोठा कोळी होणार."

तिमोच्या सुनेने पोराला छातीशी घेतलं आणि ती मागे सरकली.

फालानिकोने तुकडा झापात ठेवला, पुडी बांधली आणि ती आतीनाकडे दिली. पुढच्या बोटीने ती अपियाला गेली, आणि तोच जंतू, तीच जात, असा निरोप आला. पण त्या दिवशी सभाघरात कुणाला त्या निरोपाची गरज नव्हती.

तिमो हळूच म्हणाला, "मग माझ्या नातवाला वाटाच नाही?"

म्हातारे एकमेकांकडे बघायला लागले. आतीना म्हणाली, "द्या की. शिजवलेला मासा आणा आणि त्याच्या आईच्या हातात द्या. तो खाईल तेव्हा खाईल."

असं कधी झालं नव्हतं. शेवटी फालानिकोने बसल्या जागेवरून पोराचं नाव पुकारलं. पुकारलेलं नाव मागे घेता येत नाही.

६

"लोसाला कोण सांगणार?" बाहेर आल्यावर मंडळातल्या कुणीतरी विचारलं.

"मी," फालानिको म्हणाला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तू ये."

लोसा घरामागे नारळ खवत होती. आमच्याकडे तिने बघितलं आणि वाटी फिरवत राहिली.

"बसा बाबा."

फालानिको बसला नाही. त्याने सगळं सांगितलं. एखाद्या लांबच्या बेटावर काय झालं ते सांगावं तसं, मध्ये न थांबता. तुकडा, फ्रीजर, मूठ. कीस परातीत पडत होता. तो बोलायचा थांबला तरी तो पडत राहिला.

"त्याने मूठ तोंडात घातली तेव्हा मी हसले होते," लोसा म्हणाली.

"हो."

"तुम्हीही हसलात."

"हो."

तिने वाटी खाली ठेवली. मला वाटलं आता काहीतरी होईल. काही झालं नाही. तिने दुसरी वाटी उचलली.

"सुलियाची पोर?" तिने मला विचारलं.

"आहे. ताप आहे. इंजेक्शनं चालू आहेत."

"पितेय?"

"आज तोंड लावतेय थोडं. पण सुलियाला दूध राहिलं नाही आता. खात नाही, झोपत नाही. आतीना म्हणते पावडर आणा, पण टाकीचं पाणी, आणि हे असं झाल्यावर..." मला पुढे काय बोलायचं ते कळेना. आयुष्यात माझं असं फार वेळा झालेलं नाही.

लोसाने आपल्या छातीकडे बघितलं. कपड्यावर दोन ओले डाग होते.

"माझं थांबत नाहीये," ती म्हणाली. "सकाळ-संध्याकाळ पिळून झाडाखाली टाकते. बाबा, डॉक्टरीणबाईला विचारून या, चालेल का. माझ्यात काही जंतू असला तर आधी बघा म्हणावं."

फालानिको गेला. मी तिथेच उभा राहिलो. लोसाने हात धुतले, कोपरांपर्यंत, साबण लावून, मग परत साबण लावून.

आतीनाने तिला तपासलं, आणखी काही विचारलं आणि हो म्हणाली. दवाखान्यात सुलियाने पोर उचलून लोसाच्या मांडीवर दिली. फेतूने आधी तोंड फिरवलं. मग परत आणलं आणि लावलं. लोसा समोरच्या भिंतीकडे बघत होती. सुलिया बसल्या बसल्या झोपली, किती दिवसांनी कोण जाणे.

त्यानंतर लोसा रोज येत राहिली. यायची, हात धुवायची, बसायची, उठून जायची. फेतूचा ताप एके दिवशी उतरला तो चढला नाही. आतीना रोज तिच्या मांड्या आणि टाळू चाचपायची आणि काहीच म्हणायची नाही, आणि तिने काही म्हणू नये एवढंच आम्ही मागत होतो.

शेवटचं इंजेक्शन झालं. आतीनाने सुई काढली, पायाला पट्टी लावली आणि म्हणाली, "न्या आता घरी."

पेपेने चटई गुंडाळली. सुलिया उठली आणि तिने पोरीला घ्यायला हात पुढे केले.

"थांब," लोसा म्हणाली. "एवढं पिऊन होऊ दे तिचं."